छातीतील जळजळ मोजताना : अन्ननलिकेच्या कार्यचाचण्या, टप्प्याटप्प्याने

मराठीत ‘पित्त’ हा एकच शब्द फार मोठा संसार सांभाळतो. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, अर्धे डोके दुखून उलटी झाली तरी पित्त, आणि जेवणानंतर छातीत आग पडली तरीही पित्तच. घरातल्या बोलण्यात यामुळे काही अडत नाही. अडते ते दवाखान्यात. ‘मला पित्ताचा त्रास आहे’ एवढ्या वाक्यावर पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी सुरू होते, थोडा आराम पडल्यासारखा वाटतो, आणि पाहता पाहता रोज सकाळी अनशापोटी एक गोळी हा पाच-सात वर्षांचा नेम होऊन बसतो. या सगळ्या काळात आम्ल खरोखर वर येते का, येत असेल तर किती, आणि जळजळ त्यामुळेच होते का, हे कोणी तपासलेलेच नसते.

हे तपासता येते. गिळलेला घास अन्ननलिका नीट खाली ढकलते का, तिच्या खालच्या टोकाची झडप वेळेवर सैल होते आणि मिटते का, आणि जठरातील आम्ल दिवसभरात किती वेळ वर येऊन राहते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आज आकड्यांत मिळतात. ज्या माणसाला वर्षानुवर्षे गोळी घ्यायची आहे किंवा रिफ्लक्ससाठी, म्हणजे जठरातील आम्ल उलटे वर येण्याच्या त्रासासाठी, शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे, त्याच्या हाती आधी हे आकडे असले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र प्रत्येकाला सगळ्या चाचण्या लागत नाहीत, आणि त्यांचा क्रम चुकला तर खर्च व त्रास होऊनही हाती काही लागत नाही. म्हणून हा क्रम सविस्तर मांडतो आहे.

आधी तक्रार नेमक्या शब्दांत मांडावी

डॉक्टरांसमोर बसण्यापूर्वी ‘पित्त’, ‘गॅस’ आणि ‘ॲसिडिटी’ हे तिन्ही शब्द बाजूला ठेवावेत आणि जे जाणवते तेवढेच सांगावे. छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ होते आणि ती गळ्याकडे चढते, जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर ती वाढते, घशाशी आंबट-कडू पाणी येते, ही रिफ्लक्सची ठळक लक्षणे आहेत. पोट फुगणे, दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटणे, बेंबीच्या वर दुखणे ही अपचनाची लक्षणे असून त्यांचा रस्ता वेगळा असतो. सततचा कोरडा खोकला, बसलेला आवाज, घशात काहीतरी अडकल्याची भावना हे रिफ्लक्समुळे होऊ शकते, पण त्याची इतर कारणेही पुष्कळ आहेत. जेवण संपल्यावर काही मिनिटांत, मळमळ न होता, खाल्लेले अन्न त्याच चवीसह तोंडात परत येत असेल तर तेही आवर्जून सांगावे, कारण ती रवंथासारखी एक वेगळीच सवय असू शकते आणि तिच्यावर आम्ल कमी करणारी गोळी चालत नाही.

दोन गोष्टींत थांबू नये. छातीत दाब किंवा दुखणे असून सोबत घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असेल तर आधी हृदयाची तपासणी झाली पाहिजे. ‘गॅस वर चढला’ म्हणून घरी सोडा पिऊन वाट पाहण्यात जीव जाऊ शकतो. आणि घास अडकणे, कारणाशिवाय वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा तपासणीत आढळलेला ॲनिमिया यांपैकी काहीही असेल तर गोळीचा प्रयोग न करता थेट एंडोस्कोपी करावी.

आठ आठवड्यांचा प्रयोग

धोक्याचे लक्षण नसेल आणि जळजळ किंवा आंबट पाणी हीच मुख्य तक्रार असेल, तर आम्लनिर्मिती दाबणारी गोळी दिवसातून एकदा, जेवणाआधी 30 ते 60 मिनिटे, अशी 8 आठवडे घेऊन पाहणे ही रास्त सुरुवात आहे. ‘जेवणाआधी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ही औषधे जठरातील आम्लाचे पंप चालू असतानाच त्यांना अडवतात, आणि पंप चालू होतात ते जेवणामुळे. त्यामुळे रात्री जेवण झाल्यावर झोपताना घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. ‘गोळीने फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकजण ती चुकीच्या वेळी घेत असतात, आणि पुढच्या चाचणीचा विचार करण्यापूर्वी एवढी दुरुस्ती करून पाहायला हवी.

गोळीने बरे वाटले म्हणजे रिफ्लक्स सिद्ध झाला, असे मात्र नाही. जठरातील व्रणाचे दुखणेही त्याच गोळीने थांबते, आणि काहींना नुसत्या उपचाराच्या दिलाशानेही बरे वाटते. उलट, गोळीने काहीच फरक पडला नाही म्हणून डोस दुप्पट, मग त्यात आणखी एक औषध, असे करत जाण्यापेक्षा तपासणीकडे वळणे शहाणपणाचे ठरते. ज्यांना फक्त खोकला किंवा घशाची तक्रार आहे आणि जळजळ अजिबात नाही, त्यांच्या बाबतीत तर गोळीचा प्रयोग करण्यापूर्वीच आम्ल मोजण्याची शिफारस आजची मार्गदर्शक तत्त्वे करतात.

एंडोस्कोपी काय सांगते आणि काय सांगत नाही

दुर्बिणीची तपासणी शक्यतो गोळ्या बंद करून 2 ते 4 आठवड्यांनी करावी, कारण गोळी चालू असताना अन्ननलिकेच्या अस्तराच्या जखमा भरून आलेल्या असतात आणि खरे चित्र दिसत नाही. जखमांची प्रत ‘लॉस एंजेलिस’ वर्गीकरणाने ए ते डी अशी लिहिली जाते. बी, सी किंवा डी प्रतीची सूज, बायोप्सीने सिद्ध झालेला बॅरेट बदल (आम्लामुळे अस्तराच्या पेशींचा प्रकारच बदलणे), किंवा आम्लाने अन्ननलिका अरुंद झालेली असणे, यांपैकी काही सापडले तर रिफ्लक्सचा आजार सिद्ध झाला. केवळ निदानासाठी आणखी काही मोजण्याची गरज उरत नाही. ए प्रतीच्या बारीक रेघा मात्र काहीही तक्रार नसलेल्या माणसांतही दिसतात, म्हणून त्यांच्यावर विसंबू नये.

आता आपल्याकडच्या अहवालांत वारंवार आढळणाऱ्या एका ओळीबद्दल लिहिणे भाग आहे. ‘लॅक्स एलईएस’, म्हणजे अन्ननलिकेची खालची झडप सैल आहे, असा शेरा वाचून कितीतरी माणसे आपल्याला झडपेचा कायमचा आजार झाला आहे या समजुतीने फिरत असतात. पोटात हवा भरून वरून पाहताना झडप सैल दिसणे हा रिफ्लक्सचा पुरावा नाही. बेरियम पिऊन काढलेल्या एक्स-रेमध्ये द्रव वर येताना दिसला तरी तो पुरावा नाही, आणि एच. पायलोरी हा जंतू सापडणे हा तर संपूर्ण वेगळा विषय आहे. रिफ्लक्सची लक्षणे असलेल्या बहुसंख्य लोकांची एंडोस्कोपी नॉर्मल येते. ‘काही निघाले नाही’ हे वाक्य ऐकून ते घरी जातात, आणि कार्यचाचण्यांचा खरा उपयोग नेमका याच लोकांना असतो.

मॅनोमेट्री : आधी झडप आणि नळी

मॅनोमेट्री म्हणजे अन्ननलिकेतील दाब मोजणे. पूर्वी नळीवर चार-सहा ठिकाणीच दाब मोजला जाई. 1990 च्या दशकात अमेरिकेतील सेंट लुईस येथील रे क्लाउझ यांनी जवळजवळ बसवलेले अनेक संवेदक आणि रंगीत आलेख यांची पद्धत विकसित केली, आणि आजची हाय-रिझोल्यूशन मॅनोमेट्री त्यातूनच आली. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या नळीची जाडी साधारण 4 मिलिमीटर असते आणि तिच्यावर 1 सेंटिमीटरच्या अंतराने 36 संवेदक बसवलेले असतात.

प्रत्यक्ष चाचणी अशी होते. खुर्चीत ताठ बसवून एका नाकपुडीत बधिरतेची जेली लावतात. नळी मागे घशाच्या वळणापर्यंत आली की हनुवटी छातीकडे झुकवायला आणि स्ट्रॉने पाण्याचे घोट घेत राहायला सांगतात. प्रत्येक घोटाबरोबर नळी थोडी थोडी पुढे सरकते. हा अर्धा-एक मिनिटाचा भाग सर्वांत त्रासाचा असतो: डोळ्यांत पाणी येते, एखादी उबळ येते. नळी जठरात पोचली की घशाची कुरकुर बरीच कमी होते. भूल किंवा झोपेचे औषध देत नाहीत, कारण गिळणारा माणूस जागा हवा आणि ती औषधे स्नायूंचे दाब बदलून टाकतात.

मग आडवे करून 5 मिलिलिटर पाणी सिरिंजने तोंडात देतात आणि एकदाच गिळायला सांगतात. असे 10 घोट, दोन घोटांमध्ये साधारण अर्ध्या मिनिटाचे अंतर. येथे रुग्णाची खरी परीक्षा असते, कारण मधल्या वेळात लाळसुद्धा गिळायची नसते. एका घोटामागोमाग दुसरा घोट गेला तर पहिल्याची लहर अर्ध्यावर विरते आणि तो घोट मोजता येत नाही. त्यानंतर 2 मिलिलिटरचे 5 घोट भराभर देतात, बसवून पुन्हा 5 घोट देतात, आणि शेवटी 200 मिलिलिटर पाणी एका दमात प्यायला लावतात. सर्व मिळून अर्धा-पाऊण तास जातो.

पडद्यावर जे दिसते ते एकदा समजून घेण्यासारखे आहे. कमी दाब निळा आणि जास्त दाब लाल अशी रंगांची भाषा असते. वर एक आडवा पट्टा असतो, तो घशाच्या झडपेचा. खाली दुसरा, तो जठराच्या तोंडाशी असलेल्या झडपेचा. माणूस गिळतो त्या क्षणी वरचा पट्टा क्षणभर तुटतो, खालचाही फिका पडतो, आणि दोघांच्या मधून वरून खाली तिरकी जाणारी एक पिवळी-लाल पट्टी उमटते. ती पट्टी म्हणजे घास ढकलणारी लहर. निरोगी माणसात ती डोंगरउतारावरच्या पायवाटेसारखी सलग असते. रिफ्लक्सच्या काही रुग्णांत ती मध्येच तुटलेली किंवा अगदी पुसट दिसते.

या चित्रांचे वाचन ‘शिकागो वर्गीकरणा’नुसार होते, त्याची चौथी आवृत्ती 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील दोन आकडे रुग्णालाही समजावेत. आयआरपी हा आकडा गिळताना खालची झडप किती सैल पडली ते सांगतो; सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या एका यंत्रात आडव्या स्थितीत तो 15 मिलिमीटर पाऱ्याहून जास्त असेल तर झडप नीट उघडत नाही असे समजतात, आणि यंत्र बदलले की ही मर्यादाही बदलते. डीसीआय हा आकडा लहरीचे बळ सांगतो. 450 च्या खालची लहर दुबळी आणि 100 च्या खालची निष्फळ मानतात. दहापैकी 7 हून जास्त घोट दुबळे, निष्फळ किंवा तुटक निघाले, अथवा निम्मे किंवा त्याहून अधिक निष्फळ ठरले, तर अहवालात ‘इनइफेक्टिव्ह मोटिलिटी’, म्हणजे लहरी कमजोर आहेत, असा शब्द येतो.

मॅनोमेट्री स्वतः रिफ्लक्सचे निदान करत नाही, हे स्पष्ट समजून घ्यावे. तिची कामे दोन : आम्ल मोजणारी नळी नेमकी कुठे बसवायची ते ठरवणे, आणि रिफ्लक्सचे सोंग घेऊन आलेला दुसरा आजार ओळखणे.

दुसऱ्या कामाचे महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीच्या आतबाहेरच्या एक बाई सहा वर्षे पित्ताच्या गोळ्या घेत होत्या. रात्री आडवे झाले की तोंडात पाणी येते आणि उशी ओली होते, ही तक्रार. दोनदा झालेली एंडोस्कोपी नॉर्मल. ते पाणी आंबट असते का, असे विचारल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आंबट नाही हो, संध्याकाळी खाल्लेल्या भाताची शिते असतात त्यात.’ भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलेच नव्हते. हळूहळू खाण्याची सवय लागली एवढेच त्यांना वाटत होते. मॅनोमेट्रीत दहाही घोटांना लहर उमटली नाही आणि खालची झडप एकदाही सैल पडली नाही. तो अकॅलेशिया होता. अन्न जठरात पोचतच नव्हते. अन्ननलिकेतच साठून परत येत होते. त्यावरचा उपचार झडप मोकळी करण्याचा असतो, फुग्याने ताणून किंवा स्नायू कापून. रिफ्लक्स समजून कोणी झडप आवळण्याची शस्त्रक्रिया केली असती तर त्यांना पाणीही उतरले नसते.

अशा रुग्णाची नुसती आम्लमोजणी केली तर आणखी फसगत होऊ शकते, कारण साठलेले अन्न आंबते आणि पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा (तो जितका कमी, तितके आम्ल तीव्र), 4 च्या खाली घसरतो. यंत्राची आकडेवारी ‘रिफ्लक्स आहे’ म्हणते. आलेख डोळ्यांनी पाहणाऱ्याला मात्र फरक कळतो : खऱ्या रिफ्लक्समध्ये पीएच झटकन कोसळतो, आंबण्यामध्ये तो तासनतास हळूहळू उतरत जातो.

आम्लाची मोजणी : नळी की कॅप्सूल

मॅनोमेट्रीने झडपेची जागा कळली की तिच्या वरच्या कडेपासून 5 सेंटिमीटर वर पीएच संवेदक येईल अशी दुसरी, जेमतेम 2 मिलिमीटर जाडीची नळी नाकातून घालतात, गालावर आणि कानामागे चिकटपट्टीने बसवतात आणि कमरेला किंवा खांद्याला अडकवलेल्या छोट्या रेकॉर्डरला जोडतात. रुग्ण घरी जातो आणि 24 तासांनी परत येतो. पीएच 4 च्या खाली गेला की आम्ल वर आले असे यंत्र नोंदवते.

आजकाल बहुतेक ठिकाणी याच नळीवर इम्पिडन्स मोजणारी कडीही असतात. इम्पिडन्स म्हणजे विजेला होणारा अडथळा. द्रव जवळून गेला तर तो अडथळा कमी होतो, हवेचा ढेकर गेला तर वाढतो, आणि बदल खालून वर सरकतो की वरून खाली यावरून ते गिळणे होते की उलट येणे, हे कळते. त्यामुळे आम्ल नसलेला रिफ्लक्सही सापडतो, आणि माणूस नकळत हवा आत ओढून लगेच बाहेर टाकतो तो ‘वरवरचा’ ढेकरही ओळखता येतो. दिवसाला शेकडो ढेकर देणाऱ्यांना या एका निष्कर्षाने फार फायदा होतो, कारण त्यांचा इलाज गोळी नसून पोटाने श्वास घेण्याचा सराव असतो.

कॅप्सूलची पद्धत वेगळी. एंडोस्कोपी करताना अस्तराच्या रंगबदलाच्या रेषेपासून 6 सेंटिमीटर वर एक छोटी कॅप्सूल अन्ननलिकेला टाचतात. ती बिनतारी संदेशाने 96 तासांपर्यंत नोंदी पाठवते आणि नंतर आपोआप सुटून शौचावाटे निघून जाते. नाकात नळी नसल्याने माणूस रोजच्यासारखे जेवतो-वावरतो, आणि चार दिवसांत रिफ्लक्सचे दिवसागणिक चढउतारही पकडले जातात. म्हणूनच आम्ल आहे की नाही एवढाच प्रश्न असेल आणि सोय उपलब्ध असेल, तर माझा कौल कॅप्सूलला आहे. ती सगळीकडे मिळत नाही, खर्च जास्त येतो, काहींना छातीत टोचल्यासारखे होते. आणि पेसमेकर असलेल्यांना ती बसवत नाहीत. बसवल्यानंतर 30 दिवस एमआरआय करता येत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवावे.

गोळी बंद करून की चालू ठेवून?

चाचणीची वेळ ठरवण्यापूर्वी हा प्रश्न डॉक्टरांना विचारावाच, कारण अनेक निरुपयोगी अहवाल येथेच जन्माला येतात. रिफ्लक्स पूर्वी कधीच सिद्ध झाला नसेल तर चाचणी गोळ्या बंद ठेवून करायची. एंडोस्कोपीत बी किंवा त्यावरची सूज, बॅरेट बदल, किंवा आधीच्या मोजणीत भरपूर आम्ल सापडलेले असेल आणि आता दुप्पट डोस घेऊनही त्रास होत असेल, तर गोळ्या चालू ठेवून पीएच-इम्पिडन्स करायची; तिथे प्रश्न ‘आजार आहे का’ हा नसून ‘औषध पुरते का’ हा असतो. गोळ्या चालू असताना आम्ल कमी आले म्हणून ‘तुम्हाला रिफ्लक्स नाही’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे.

तयारी

आम्लाचे पंप अडवणाऱ्या गोळ्या, म्हणजे नावाच्या शेवटी ‘प्राझोल’ येते त्या, 7 दिवस आधी बंद कराव्या लागतात. फॅमोटिडीनसारखी औषधे साधारण 3 दिवस आधी. आणि चघळायच्या गोळ्या, पातळ अँटासिड, फ्रूट सॉल्ट, खाण्याचा सोडा 24 तास आधी. ‘प्राझान’ने संपणारी नवी औषधेही ‘प्राझोल’च्याच, म्हणजे 7 दिवसांच्या, हिशेबात येतात. आपल्याकडे स्ट्रिपवर ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ अशी अक्षरे असतात; त्यात बहुधा डोम्पेरिडोन मिसळलेले असते आणि ते जठर रिकामे होण्याचा वेग बदलते. म्हणून नाव आठवण्याच्या भानगडीत न पडता सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून सोबत न्याव्यात.

आयुर्वेदिक औषधेही सांगावीत. कामदुधासारख्या कल्पांत शंख, प्रवाळ, शिंपला यांची भस्मे असतात, आणि ती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असल्याने आम्ल मारतात. ‘ते काय, साधेच आहे’ म्हणून न सांगितलेले चूर्ण अख्खी मोजणी बिघडवू शकते.

गोळी थांबवल्यावर पहिल्या काही दिवसांत जळजळ उसळी मारते, कारण दाबलेले पंप जोमाने परततात. ते अपेक्षित आहे, आणि चाचणीच्या आदल्या दिवसापर्यंत पातळ अँटासिडवर निभावता येते. ज्यांना रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत, ज्यांना पूर्वी जठराच्या व्रणातून रक्तस्राव झाला आहे, किंवा ज्यांची सूज सी-डी प्रतीची आहे, त्यांनी मात्र स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या, हृदयासाठीची नायट्रेट आणि ओपिऑइड (अफूवर्गीय) वेदनाशामके दाबांचे आकडे बदलतात. ती थांबवायची की नुसती नोंदवायची, हे डॉक्टर ठरवतील.

चाचणीआधी किमान 6 तास काही खाऊ नये, आणि पाणी कधीपर्यंत चालेल ते विचारून घ्यावे. नाकाचे हाड वाकडे असेल, पूर्वी नाकाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा वारंवार घोळणा फुटत असेल तर आधीच सांगावे. पुढून बटणाचा सैल शर्ट किंवा कुर्ता घालावा, कारण डोक्यावरून काढायच्या कपड्यात नळी ओढली जाते. बाहेरगावहून येणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी यंत्र परत द्यावे लागेल हे धरूनच मुक्कामाची सोय करावी.

ते चोवीस तास

नळी लावलेला माणूस घाबरून दोन घास खातो, दिवसभर पलंगावर टेकून राहतो, आणि आलेख एखाद्या व्रतस्थासारखा स्वच्छ येतो. त्याचा उपयोग शून्य. रोज ज्या जेवणाने त्रास होतो तेच जेवावे: मिसळ खाल्ल्यावर जळजळ होत असेल तर मिसळ, रात्री साडेदहाला जेवण्याची सवय असेल तर साडेदहालाच. कामावर जाता येत असेल तर जावे, जिने चढावेत, वाकून केर काढावा. एकादशी, चतुर्थी किंवा नवरात्रातला उपवास असेल त्या दिवशी चाचणी ठेवू नये, एवढे मात्र पाहावे. चहा, तंबाखू, मिसरी यांच्या रोजच्या वेळा लपवू नयेत, नोंदवाव्यात.

एक अपवाद आंबट पेयांचा. लिंबू किंवा कोकम सरबताचा पीएच मुळातच 4 च्या खाली असतो, त्यामुळे ते घोट घोट दिवसभर पीत राहिले तर वरून आलेले आंबट आणि खालून आलेले आम्ल यांत गोंधळ होतो. घ्यायचेच असेल तर जेवणाच्या वेळेतच संपवावे, कारण विश्लेषणात जेवणाची मिनिटे वगळली जातात. आणि ती वगळता यावीत म्हणून जेवण सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ अचूक नोंदवावी लागते.

रेकॉर्डरवर बटणे असतात: जेवण, आडवे होणे, आणि ठरवून दिलेली दोन-तीन लक्षणे. लक्षण जाणवले की त्याच क्षणी बटण दाबावे, ‘अजून वाढते का बघू’ म्हणून थांबू नये. लक्षणाच्या आधीच्या 2 मिनिटांत रिफ्लक्स झाला होता का, एवढेच यंत्र पाहते. दहा मिनिटांनी दाबलेले बटण दुसऱ्याच घटनेच्या गळ्यात पडते. सोबत कागदावरही लिहावे, आणि वेळ रेकॉर्डरवरच्या घड्याळाची घ्यावी, मोबाइलची नाही. आंघोळ करू नये, अंग पुसून घ्यावे. रात्री रेकॉर्डर उशीजवळ ठेवावा. नळी जागेवरून सरकली किंवा शिंकेने बाहेर आली तर स्वतः आत ढकलू नये. केंद्राला फोन करावा. किमान 16 तासांची नोंद तरी व्हावी लागते, म्हणून रात्री कंटाळून ती काढून टाकू नये.

अहवाल वाचताना

आज बहुतेक केंद्रे फ्रान्समधील लिऑन शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तज्ज्ञ-सहमतीच्या मर्यादा वापरतात. गोळ्या बंद ठेवून केलेल्या चाचणीत पीएच 4 च्या खाली राहिल्याचा वेळ एकूण वेळेच्या 6 टक्क्यांहून जास्त असेल तर आजार सिद्ध, 4 टक्क्यांच्या आत असेल तर नॉर्मल, आणि मधला पट्टा संदिग्ध. पूर्ण 24 तास धरले तर 6 टक्के म्हणजे सुमारे 86 मिनिटे आणि 4 टक्के म्हणजे सुमारे 58 मिनिटे. म्हणजे निरोगी माणसातही आम्ल रोज काही वेळ वर येतेच. कॅप्सूलच्या चार दिवसांत दोन किंवा अधिक दिवस 6 टक्क्यांवर गेले तर आजार सिद्ध धरतात, आणि चारही दिवस 4 टक्क्यांच्या आत राहिले तर रिफ्लक्स नाही असे म्हणता येते.

मधल्या पट्ट्यात सापडलेल्यांसाठी इतर आकडे मदतीला येतात. दिवसात 80 हून जास्त रिफ्लक्स झाले तर पारडे आजाराकडे झुकते, 40 हून कमी असतील तर विरुद्ध बाजूला. रात्री शांत झोपेत मोजलेला अस्तराचा इम्पिडन्स 1500 ओहमच्या खाली असेल तर अस्तर आम्लाने झिरपते झाल्याचा संशय बळावतो, आणि 2500 च्या वर असेल तर अस्तर शाबूत असल्याचा कौल मिळतो. जुन्या अहवालांत डीमीस्टर स्कोअर, म्हणजे आम्लमोजणीच्या अनेक आकड्यांचा मिळून काढलेला एक गुण, असतो. त्याची नॉर्मल मर्यादा 14.72 आहे.

मग लक्षणांचा मेळ. लक्षणांपैकी निम्मी किंवा अधिक रिफ्लक्सनंतर लगेच आली असतील तर लक्षण-निर्देशांक सकारात्मक, आणि तो मेळ योगायोगाचा नाही हे सांगणारा दुसरा आकडा 95 टक्क्यांहून जास्त हवा. बटण दोनदाच दाबले असेल आणि त्यांतील एक वेळ जुळली तर निर्देशांक 50 टक्के येतो खरा, पण त्याला अर्थ नसतो. निदान तीन नोंदी तरी हव्यात. म्हणूनच बटणाबद्दल इतके बजावून सांगितले.

आम्लाचा वेळ नॉर्मल पण लक्षणांचा मेळ घट्ट, तर अन्ननलिका साध्या रिफ्लक्सलाही तीव्रतेने जाणणारी आहे असे समजतात. वेळही नॉर्मल आणि मेळही नाही, तर ती कार्यात्मक जळजळ. या रुग्णांची आग खोटी नसते. मज्जातंतूंची जाणीव वाढलेली असते, आणि त्यांना आम्लाच्या गोळीपेक्षा ती जाणीव शमवणाऱ्या औषधांचा कमी डोस व श्वासाचे, मनाचे व्यायाम उपयोगी पडतात. ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे त्यांना सांगणे अन्यायाचे आहे.

गोळ्या चालू ठेवून केलेल्या चाचणीच्या मर्यादा निराळ्या : दुप्पट डोसवरही आम्लाचा वेळ 4 टक्क्यांहून अधिक आणि रिफ्लक्स 80 हून अधिक असतील तर औषध अपुरे पडते आहे, वेळ 1 टक्क्याच्या आत आणि रिफ्लक्स 40 च्या आत असतील तर उरलेल्या त्रासाचे कारण दुसरीकडे शोधावे.

शस्त्रक्रियेचा विचार असेल तर जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्यापूर्वी आम्लाचा पुरावा आणि मॅनोमेट्री दोन्ही झालेल्या असाव्यात. लहर अजिबात उमटत नसेल तर पूर्ण वेढा घालत नाहीत. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधीही हीच चौकशी करावी, कारण जठराची नळी करण्याच्या प्रकारात रिफ्लक्स वाढू शकतो.

अहवाल हातात घेताना त्यावर चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते तिथेच उभे राहून पाहावे : चाचणी गोळ्या बंद ठेवून केली की चालू ठेवून, एकूण किती तासांची नोंद झाली, नळी कोणत्या आधाराने बसवली, आणि आलेख कोणी स्वतः पाहून सही केली. मूळ आलेखांच्या छापील प्रती किंवा फाइल मागून घ्यावी. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर नुसत्या निष्कर्षाच्या ओळीवरून त्यांना फारसे काही ठरवता येत नाही. आलेख असतील तर ते पुन्हा वाचता येतात, आणि नळी पुन्हा घालण्याची वेळ कदाचित येतही नाही.